कापसाच्या गाठींतलं गाणं

वाशीमहून हिंगोलीला माहेरी जायचं म्हटलं, की कनेरगाव नाक्यावर गाडी थांबतेच. चालकाला चहा हवा असतो, वाहकाला पान हवं असतं, आणि आम्हा प्रवाशांना त्या दोघांच्या नावाने कुरकुर करायला निमित्त हवं असतं. यंदा दिवाळीनंतर गेले तेव्हा थांबायला आणखी एक कारण होतं. पुढे कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ट्रॉल्या इतक्या फुगलेल्या, की समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने मुकाट शेतात उतरावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींनी आपापला वाटा काट्यांवर काढून घेतला होता. आमचे वडील म्हणायचे, शेतकऱ्याच्या बायकोला मिळो न मिळो, बाभळीला दरसाल नवं लुगडं मिळतं.

ढाब्यावर गाणं लागलं होतं. साठच्या दशकातलं, माझ्या जन्माच्याही आधीचं. हल्ली त्या गाण्यांना नवा साज चढवायची टूम निघाली आहे, तसलं. खाली ढोल धडधडत होते, मधेच कुणीतरी इंग्रजीतून दम भरत होतं, आणि गाणारी मुलगी घाईत असल्यासारखी गात होती. चहा पिणारी पोरं मान हलवत होती. मी नाक मुरडणारच होते, तेवढ्यात कडव्याआधी बायकांचं ते गुणगुणणं आलं. ‘हूं हूं’ एवढंच. बाकी सगळं बदलणाऱ्या त्या गृहस्थाने तेवढा कोरस मूळ रेकॉर्डवरून उचलून तसाच ठेवला होता. मी कप खाली ठेवला. त्या बायकांमध्ये इंदूकाकू असतील का, असं मनात आलं, आणि मग गाडी हिंगोलीला पोचेपर्यंत दुसरं काही आलंच नाही.

इंदूकाकू म्हणजे दिगंबरकाकांच्या पत्नी. आणि दिगंबरकाका म्हणजे नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या निम्म्या कॅसेटींवर ज्यांचं नाव ‘निर्मिती’ या शब्दापुढे छापलेलं असे, ते. मूळचे आमच्याकडच्याच हट्टा गावचे. तरुणपणी मुंबईला गेले, एका रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मदतनीस म्हणून लागले, आणि साठचं दशक सगळं तिथेच घालवलं. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा बायकोला घेऊन परत आले ते कायमचे. हिंगोलीत स्टँडाजवळ कॅसेटचं दुकान टाकलं. दुकानात पुढे नव्या कॅसेटी आणि मागे, पडद्याआड, जुन्या रेकॉर्ड. त्यांत हिंदी होत्या, मराठी होत्या, आणि एक खोका इंग्रजी रेकॉर्डचाही होता. त्यावर कपाळभर केस आलेल्या चार पोरांची चित्रं, नाहीतर डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्याएवढे अंबाडे घातलेल्या तीन-तीन पोरींची. त्या पोरी ‘शा ला ला’ म्हणत. काकांना ते फार आवडायचं. त्यांनी ते आम्हालाही शिकवलं होतं.

आम्ही म्हणजे मी, उज्ज्वला आणि मंगल. तिघी डी.एड. करत होतो. मी तहसीलमधल्या कारकुनाची मुलगी, उज्ज्वला माझ्या गल्लीतली, आणि मंगल औंढ्याकडच्या डोंगरातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, शिकायला वसतिगृहात राहिलेली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही एक समूहगीत म्हटलं, ते काकांनी ऐकलं आणि तिघींच्या घरी जाऊन वडीलधाऱ्यांची परवानगी काढली. माझ्या वडिलांनी एकच अट घातली. गाऊ दे, पण कॅसेटवर तिचं नाव नको, स्थळं बघणं चालू आहे. काका म्हणाले, कोरसमधल्या मुलींची नावं छापतच नाहीत, काळजी नसावी. वडिलांना कला पटली नव्हती, पण हा नियम फार पटला.

तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता, गाडी मीटरगेजची होती, आणि गाणी रेकॉर्ड करायची खोली गावात नव्हती. काकांनी त्यावर जो उपाय काढला तो मी पुन्हा कुठे पाहिला नाही. औंढा रस्त्याला एक जिनिंग होतं. मालक काकांचा बालमित्र. कापूस पिंजून, सरकी काढून, दाबून ज्या गाठी बांधतात, त्या तिथल्या गोदामात पार छतापर्यंत रचलेल्या असत. काकांनी हमालांकरवी त्या गाठी अशा रचून घेतल्या, की मधोमध एक खोलीएवढी जागा मोकळी राहावी. चारही बाजूंनी कापूस. मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना जे लावायला लाखो रुपये लागतात, ते आमच्या मातीत उगवतं, असं काका म्हणायचे. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असे. त्या दिवशी यंत्रं गप्प, आणि आमचं गाणं चालू.

कापसाचे दिवस आले, की माझ्या नाकात आधी त्या गोदामातला वास येतो. सरकीचा तेलकट, उबदार वास. पापण्यांवर तंतू बसायचे, घसा खवखवायचा, आणि काकू आम्हा तिघींच्या हातावर ज्येष्ठमधाचा तुकडा ठेवायच्या. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी घाबरले होते. बोललेला शब्द ओठांपाशीच संपायचा. एरवी आपला आवाज कुठेतरी जाऊन आपटतो आणि थोडासा परत येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिथे तो गोधडीत शिरल्यासारखा नाहीसा व्हायचा. छतात कबुतरं असत. त्यांनी मधे घुमू नये म्हणून जिनिंगचा राखणदार लांब बांबू घेऊन उभा राहायचा. कबुतरं ऐकत. पण पूर्णेकडून येणारी आगगाडी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ती शिट्टी मारायची, आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करायचो.

कारण तिथे तुकड्यातुकड्याने काही होत नसे. काकांचा हट्टच होता. सगळ्यांनी एका वेळी गायचं, एका वेळी वाजवायचं, एक चुकला तर सगळ्यांनी परत. साठ सालातली गाणी अशीच झाली, ते सांगायचे. वीस वादक, दहा कोरसवाल्या, मधे गाणारी बाई, आणि सगळे एकाच खोलीत घामाघूम. चूक झाली तर दहाव्या वेळीही बासरीवाल्याने तितक्याच मायेने पहिला सूर लावायचा. मला वाटतं, ती गाणी टिकली त्याचं कारण थोडंफार यातच आहे. आज मला कुणी विचारलं, की त्या गाण्यांत असं काय आहे, तर मी चाल नाही सांगणार, शब्दही नाही. त्यांत माणसं एकमेकांचं ऐकत आहेत, ते मला ऐकू येतं. आता म्हणे गाणारी एका गावात गाते, ढोलवाला दुसऱ्या गावात वाजवतो, आणि ते कुणीतरी तिसरा जुळवतो. जुळतंही छान. पण त्यात कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं.

काकांचं नेमकं काम काय, हा प्रश्न गावाला कायम पडलेला होता. गातो गाणारा, वाजवतो वाजवणारा, मग ‘निर्मिती’ यांची कशी? एकदा मीच विचारलं. म्हणाले, “मी गप्प बसतो. पुढचं सगळ्यांना ऐकू येतं गं. मागं कोण आहे ते ऐकायला एक माणूस गप्प बसलेला लागतो.” आम्ही त्यांची टिंगल केली, की मग आमच्या वर्गातली अर्धी मुलं निर्माते आहेत.

पण त्या गप्प माणसाने आमच्या भागाचा कान बदलला, हे आता कळतं. त्यांनी भजनात मेंडोलिन आणलं, गोंधळात क्लॅरिनेट आणलं, आणि जिथे तिथे आमचा कोरस आणला. एकदा मंगलचे मामा आले होते, धनगरी ओव्या गाणारे. त्यांच्या ओव्यांची ओळ उचलून धरायला, म्हणजे झील धरायला, त्यांची स्वतःची दोन माणसं होती. काकांनी त्यांच्या मागे आम्हा तिघींना उभं केलं आणि गुणगुणायला सांगितलं. मामांनी ढोल थांबवला, वळून बघितलं आणि शांतपणे विचारलं, की मास्तर, ह्या पोरी झील धरून राहिल्या का रडून राहिल्या? काका म्हणाले, मुंबईत याला कोरस म्हणतेत. मामा म्हणाले, मंग मुंबईत लई दुःख असन. तरी गायले ते. ती कॅसेट औंढ्याच्या जत्रेत इतकी खपली, की पुढच्या वर्षी मामा स्वतःच विचारत आले, त्या रडणाऱ्या पोरी आहेत का?

हा कोरस आम्हाला बसवून द्यायच्या त्या इंदूकाकू. गिरगावात वाढलेल्या. साठच्या दशकात किती गाण्यांमागे त्या उभ्या होत्या, ते त्यांनाच आठवत नसे. रेकॉर्डच्या कव्हरवर गायिकेचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि कधी जागा उरलीच तर खाली ‘आणि साथी’. काकू म्हणायच्या, माझं नाव आणि, आडनाव साथी. हसून म्हणायच्या. दुकानाच्या पडद्यामागे काका कधीतरी जुनी रेकॉर्ड लावत, एका जागी बोट वर करत आणि म्हणत, ही बघ, ही इंदू. आम्ही कान देत असू. आम्हाला आठ-दहा बायका एकदम ऐकू यायच्या. काकांना एकच ऐकू यायची.

त्यांचं जमलंही तिथेच. कोरसवाल्यांनी कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा जमिनीवर खडूने करणं, हे काकांचं पहिलं काम. बारीक आवाजाच्या मुली माईकजवळ, भरदार आवाजाच्या लांब. काकूंचा आवाज सगळ्यांत भरदार, म्हणून त्यांची जागा पार दाराशी. बाकीच्या मुलींच्या पायाशी फुली असायची, माझ्या पायाशी मात्र हे गोल काढायचे, असं काकू सांगत. आणि तो गोल रोज थोडा नीटस होत गेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, असंही सांगत. हे सांगताना त्या पन्नाशीतही लाजायच्या आणि काकांना दुकानात काहीतरी काम आठवायचं.

त्या वर्षी, म्हणजे जिल्हा व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीच्या हिवाळ्यात, काकांनी एक गाणं काढलं. चाल त्यांची स्वतःची. मुंबईत असतानाच सुचलेली, आणि तेव्हापासून मनातच ठेवलेली. साधी, साठ सालासारखी, दोनदा ऐकली की आपलीच वाटणारी. शब्दही त्यांचेच. ‘एक दिवस दारावरून गेला, मी हाक मारली नाही,’ अशी सुरुवात होती. हे गाणं इंदूकाकूंनी गायचं. एकटीने, पुढे उभं राहून. कॅसेटवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत. आणि ते होणार तर याच मोसमात, कारण जिनिंगच्या मालकाने सांगून टाकलं होतं, की पुढच्या सालापासून गाठी साठवायच्या नाहीत, दाबल्या की थेट ट्रकात. शिवरात्रीच्या आत गोदाम रिकामं होणार होतं. रिकाम्या गोदामात आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा, तिथे काही करणं शक्य नव्हतं.

काकू नाही म्हणाल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या. गावातल्या लग्नाच्या बँडमधले गफूरभाई क्लॅरिनेट घेऊन बसले, काका गाठींच्या आडोशाला टेपपाशी हेडफोन लावून बसले, आणि काकूंनी पहिली ओळ अशी म्हटली, की आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला आवाज लहान झाला. तिसरीला आणखी लहान. बघतो तर काकू माईकपासून मागे मागे सरकत पार गाठींना टेकल्या होत्या. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काकांनी जमिनीवर वीट ठेवली, या विटेच्या मागे यायचं नाही म्हणून. काकूंनी विटेकडे नीट बघून घेतलं, आणि गाता गाता तिला वळसा घालून मागे गेल्या. काकांनी पाठीमागे गाठ आणून ठेवली, तर त्या बाजूला सरकल्या. तो बाजाराचा दिवस गेला, पुढचाही गेला. बाहेर ट्रक लागायला सुरुवात झाली होती. आमची खोली एका बाजूने उघडी पडत चालली होती.

मंगलच्या मनात असेल ते तोंडात यायचं. तिने विचारलं, “काकू, तुमी मागं काहून सरकून राहिल्या?”

काकू खरोखर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मला माझा एकटीचा आवाज ऐकू आला ना, की वाटतं बाकीच्या अजून आल्या नाहीत. थांबायला हवं.”

त्या संध्याकाळी काका दुकानाच्या पायरीवर बसून होते. गिऱ्हाईक आलं तरी उठत नव्हते. मला त्यांची दया आली, म्हणून मी म्हटलं, जाऊ द्या ना काका, नसेल गायचं त्यांना. काका माझ्याकडे न बघता बोलले. “मोठा आवाज मागं, हा नियम माईकचा होता, वैजू. खडू माझ्या हातात होता. मी तिला रोज मागं उभं केलं, आणि तिनं तो नियम स्वतःला लावून घेतला. आता एकदा तिला पुढं आणल्याबिगर मी जाऊ कसा?” जाऊ म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. त्यांची तब्येत तेव्हा ठणठणीत होती. पण माणसाला काय न्यायचं आणि काय ठेवून जायचं याचा विचार तब्येत बघून येत नाही, हे आता समजतं.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हा तिघींना आणि गफूरभाईंना पडद्यामागे बोलावलं. चेहरा खुललेला. बेत सांगितला. काकूंना म्हणायचं, एकटीने नको, चौघी मिळून गा, कोरसच करू. चौघींनी एका माईकभोवती खेटून उभं राहायचं, काकू मधे. पहिलं कडवं सगळ्यांनी म्हणायचं. दुसऱ्यात आधी उज्ज्वलाने गप्प व्हायचं, मग मंगलने, आणि शेवटी मी. एकदम नाही, आवाज बारीक करत करत. गाताना इंदूचे डोळे मिटतात, तिला कळणार नाही. तिसरं कडवं ती एकटी गाईल. आम्हाला इतका आनंद झाला, की उज्ज्वलाने तोंडात ओढणी कोंबली. गफूरभाई तेवढे गंभीर होते. म्हणाले, “भाभी कू मालूम हुआ तो तुमारी रोटी बंद, मास्टर.”

तो बाजाराचा दिवस मला अजून दिसतो. तीन बाजूंना गाठी उरल्या होत्या, चौथ्या बाजूला काकांनी कुठून कुठून आणलेल्या गोधड्या दोरीवर टाकल्या होत्या. त्या गोधड्यांच्या फटीतून ऊन आत येत होतं आणि उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. राखणदार बांबू धरून उभा. चौघी मिळून गायचं म्हटल्यावर काकू एकदम मोकळ्या झाल्या होत्या. आमच्या ओढण्या सारख्या करत होत्या, मंगलला श्वास कुठे घ्यायचा ते सांगत होत्या. गफूरभाईंनी सूर लावला. पहिलं कडवं झालं. उज्ज्वला गळाली, मला डाव्या कानाला ते जाणवलं. मंगल गळाली. आता मी आणि काकू. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागलेला. माझी गप्प व्हायची ओळ आली, आणि मला ते होईना. भरल्या ओढ्यातून हात धरून चाललेल्या माणसाचा हात मधेच सोडायचा, असं वाटलं. मी सोडला.

काकू गात राहिल्या. डोळे मिटलेले, मान किंचित वर. सरकल्या नाहीत. इतका भरून येणारा, इतका सरळ आवाज मी जवळून कधी ऐकला नव्हता, आणि तो इतकी वर्षं कुठे कुठे दारापाशी उभा होता, याचं मला भयंकर वाईट वाटलं. मंगल रडत होती, आवाज होऊ नये म्हणून ओठ दातांत धरून. गाडीनेसुद्धा त्या दिवशी उशीर केला. गाणं संपलं तरी काका बराच वेळ आडोशाबाहेर आले नाहीत. आले तेव्हा एवढंच म्हणाले, की झालं. काकूंनी डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, अगं, तुम्ही गात होतात ना? आम्ही हसत सुटलो. काकूंनी लटक्या रागाने काकांना विचारलं, की हे काय केलंत, आणि काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत ती कॅसेट वाजली. कव्हरवर काकूंचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत ‘आणि साथी’. साथी म्हणजे आम्ही. वडिलांनी कव्हर उलटंसुलटं करून बघितलं आणि समाधानाने खिशात घातलं. देवळाच्या बाजूच्या दुकानांमधून, रेवड्या-बत्तासे आणि पितळी भांड्यांच्या गर्दीतून काकूंचा आवाज येत होता, आणि लोक थांबत होते. कुणी म्हणे जुनी रेकॉर्ड आहे, कुणी म्हणे मुंबईची बाई आहे. काकूही जत्रेला आल्या होत्या. गाणं लागलं, की त्या देवळाकडे नाहीतर बांगड्यांकडे चालू लागायच्या. पुढेही तसंच. काकांनी घरी ती कॅसेट लावली, की काकूंना हटकून स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्याचा वास यायचा. स्वतःचं गाणं त्यांनी कधी बसून ऐकलं नाही. आम्ही म्हणायचो, अजून मागेच सरकतात.

काका मात्र ती गोष्ट सांगायचे थांबले नाहीत. येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगायचे. मुंबईच्या मोठमोठ्या संगीतकारांसमोर जी एका सुराने चुकली नाही, तिला मी हिंगोलीत फसवलं. माझ्या लग्नात मांडवात बसून माझ्या सासऱ्यांना सांगितली. काकू चहा घेऊन यायच्या, गोष्टीचा शेवट ऐकायच्या, आणि म्हणायच्या, हो बाई, बराबर फसले मी.

मग मी वाशीमला गेले, उज्ज्वला पुण्याला, मंगल तिच्याच डोंगरात शिक्षिका झाली. सीडी आल्या, दुकानातली गर्दी ओसरली. दुकान गेलं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. मी गेले होते तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, काकूंशी धड बोलणं झालं नाही. त्यांच्या तोंडावर त्या वेळी काहीच नव्हतं.

यंदा त्या ढाब्यावरच्या गाण्याने मला माहेरच्याही आधी त्यांच्या दारात नेऊन उभं केलं. काकू ओसरीवर हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. थकल्या आहेत, आवाज मात्र तोच. मी ते गाणं सांगितलं, तो कोरस सांगितला. कुठलं गाणं, कुणाचं, त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, नाही, त्यात मी नव्हते, त्या वेळी मला ताप होता. मग आम्ही दोघी हसलो. बोलता बोलता काकांवर आलो. कपाटात ती कॅसेट दिसत होती, जुना टेपही होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, “काकू, त्या दिवशी तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?”

भाजीतला हात थांबला नाही. “कोरसमधली बाई गाते थोडं, शेजारणीचा श्वास ऐकते जास्त. नाहीतर एकत्र गाणार कसं? उज्ज्वला गप्प झाली तेव्हाच कळलं. मंगलच्या वेळी खात्री पटली. तू तर इतकी रडवेली होऊन थांबलीस, की मला हसू फुटत होतं.”

मी विचारलं, “मग मागे का नाही सरकलात?”

“सरकणारच होते. पाय उचलला होता. म्हणून डोळे जरासे किलकिले केले, तर हे गाठीच्या आडून मान काढून बघत होते. श्वास रोखून, तोंड उघडं टाकून. या वयात एवढा घाट घातला त्यांनी माझ्यासाठी. म्हटलं, आता मी मागं गेले तर या माणसाचं कसं होईल? म्हणून उभी राहिले.”

“त्यांना कधीच सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? किती खुशीत सांगायचे, मी हिला फसवलं म्हणून.” काकूंनी निवडलेली भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि कपाटाकडे बघून म्हणाल्या, “लाव ती आता. त्यांच्या देखत ऐकली असती तर माझ्या तोंडावर सगळं दिसलं असतं.”